चौऱ्याहत्तर पानांचा धीर

शनिवार, १४ नोव्हेंबर

प्रिय मामा,

नमस्कार. तुझं आणि मामीचं बरं चाललं असेल असं धरून चालते. नुसतं धरूनच, कारण गेल्या महिन्यात फोनवर तू "बरंय, बरंय" असं दोनदा म्हणालास. एकदा म्हणालास की खरंच बरं असतं; दोनदा म्हणालास की काहीतरी दुखत असतं, एवढं मला लहानपणापासून कळतं. गुडघा असेल तर डॉक्टरांना दाखव. मला मामीच्या कानावर घालायला लावू नकोस.

पत्र बघून दचकला असशील. फोन असताना पत्र कशाला? तर फोनवर आपण हवा, गुडघा आणि नात्यात कोण आजारी यापुढे जात नाही, आणि मला आज तुझ्याशी पुस्तकांबद्दल बोलायचंय. किती वर्षांनी, ते आत्ता मोजायला नको.

बातमी अशी, की बाइंडरकाका दुकान बंद करताहेत. वय ब्याऐंशी, आणि जवळचं दिसत नाही. सुईत दोरा ओवून घ्यायला शेजारच्या शिंप्याकडे जावं लागतं. "दोरा ओवतो, पण प्रत्येक दोऱ्यामागे एक विनोद ऐकवतो," काका म्हणाले. "दोरा सोसतो मी, विनोद सोसत नाहीत." त्यांनी निरोप धाडला होता की मागच्या फळीवर तुमची पुस्तकं पडून आहेत, घेऊन जा.

गेल्या रविवारी गेले होते. दारातून आत जाताना अजून मान वाकवावी लागते. डाव्या हाताला खळीचं पातेलं, उजवीकडे तो लोखंडी दाब, ज्याच्यावर तू डबा ठेवायचास आणि काका ओरडायचे. आपण ज्यांच्यावर बसायचो ते कोऱ्या कागदांचे गठ्ठे मात्र गेले. जमिनीवर त्यांच्या आकाराचे चार चौकोन राहिलेत, बाकीच्या फरशीपेक्षा उजळ. मी माझ्या चौकोनावर जरा वेळ उभी राहिले. काकांची पाठ होती म्हणून बरं.

तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहिते आहे, कारण ते कागदावर कसं दिसतं हे मला बघायचंय. शनिवारी तुझा प्रेस अर्धा दिवस असायचा. मुद्रितं तपासून बोटांना लाल शाई लागलेली, तसाच तू यायचास. सिस्टर हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून बूट हातात घेऊन यायची, पाय सुजलेले असायचे म्हणून. मी यायचे कॉलेजातून. काका तर तिथेच. चौघंच. आणि प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून काकांनी चिकटवलेली चिठ्ठी, तिच्यावर दोन रकाने: 'धीर' आणि 'पुढे कोणाला'. कितव्या पानापर्यंत धीर धरायचा, म्हणजे तेवढा धरूनही नाही पटलं तर खुशाल सोडायला मोकळं. आणि आपल्यामागून ते कोणी वाचावं. कौतुक नको, गोष्ट फोडायची नाही. पण मुख्य नियम एकच, आणि तो तू घातलेला: पुस्तक संपवल्याशिवाय धीर लिहायचा नाही.

तू एकदा एकशे चाळीस पानांच्या कादंबरीला 'धीर १२०' लिहिला होतास. काका म्हणाले, "मग उरलं काय, माझा पुठ्ठा?" काकांचं स्वतःचं मत नेहमी शिलाईपासून सुरू व्हायचं. सिस्टर शेवटचं पान आधी वाचायची आणि आपण तिघंही तिच्यावर तुटून पडायचो. "पेशंट वाचणार की नाही हे आधी कळलं," ती म्हणायची, "की मग मी निवांत शुश्रूषा करते." तिला जाऊन चार वर्षं झाली. तुला कळवलं होतं.

इतक्यात मी काय वाचून संपवलं ते सांगते. दीपगृहावरच्या एका रखवालदाराची कादंबरी आहे. धीर ४०. पहिली चाळीस पानं तो नुसत्या काचा पुसतो. मग एक दिवस एक काच पुसायची विसरतो. पुढे कोणाला: तुला. छपाईच्या चुका तेरा आहेत, तुझ्या करमणुकीसाठी पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्यात. दुसरं मुंग्यांवर आहे. धीर लागत नाही, पण जेवताना वाचू नये.

काकांकडून एकूण अकरा पुस्तकं आणली. दहांवर तुझं अक्षर आहे. अकरावं ते करड्या पुठ्ठ्याचं, ज्याला नाव नाही आणि लेखकही नाही. तुला आठवत असेल. मी त्यावर तेव्हा जरा कडक लिहिलं होतं. तेवीस वर्षांची होते, दिसेल त्याला नापास करत सुटले होते. अजून उघडलेलं नाही. सवड मिळाली की पुन्हा वाचेन.

उत्तर लिही. फोन नको.

तुझी
भाची


रविवार, २२ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तू फोनच केलास. गुडघा, हवा, मामीच्या भावाचं ऑपरेशन. मी वाट बघत होते. ठेवता ठेवता तू विचारलंस, "पुस्तकं कोरडी आहेत ना?" मी हो म्हटलं आणि तू ठेवलास.

मागच्या पत्रातला एक शब्द मला दुरुस्त करायचाय. तुझा जन्म मुद्रितं तपासण्यात गेला, तेव्हा तुलाच सांगायला हवं. सहीच्या वरची दुसरी ओळ. 'पुन्हा वाचेन' असं मी लिहिलंय. त्यातलं 'पुन्हा' खोडून टाक.

मी ते पुस्तक वाचलं नव्हतं. एकतीस पानं वाचली होती.

हे वाक्य लिहायला मला आठवडा लागला. लिहिल्यावर बघते तर किती लहान आहे.

लॅबमध्ये माझी एक ख्याती आहे. स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली काच पाहिल्याशिवाय मी कोणत्याही रिपोर्टवर सही करत नाही, मग बाहेर पेशंट कितीही खोळंबू देत. आमच्यातली एक म्हणते, "मॅडम, चौथ्यांदा बघताय ही काच. लाजेल ती." सगळे हसतात, मीही हसते. ही सवय कुठून लागली असं कोणी विचारलं तर मी आजवर शिक्षकांचं नाव सांगत आले. ती शिक्षकांमुळे लागलेली नाही.

त्या शनिवारी तू करडं पुस्तक माझ्या हातात दिलंस. "नवीन आलंय. लेखकाचं नाव नाही. पहिली तू," म्हणालास आणि चहा सांगायला बाहेर पडलास. तू कधी चहा सांगायला जायचा नाहीस. सांगायचे नेहमी काका. काकांच्या कटिंग मशीनचं पातं धार लावायला गेलं होतं, म्हणून कडा कापलेल्या नव्हत्या. सोळा-सोळा पानांचे फर्मे घडी घातले तसेच शिवलेले. वाचणाऱ्यानंच घड्या फाडत पुढे जायचं. प्रेसमधल्या उरल्यासुरल्या कागदावर छापलेलं होतं ते. पहिले दोन फर्मे पांढरे, तिसऱ्यापासून निळसर कागद.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पट्टी घेऊन बसले. पट्टीनं घडी फाडायची, वाचायचं. एका घरात बहीण आहे आणि तिच्याहून बराच लहान भाऊ. ती त्याला मोठ्यानं वाचून दाखवते आणि ऐन रंगात आलं की पुस्तक मिटून म्हणते, "उरलेलं उद्या. आज जगून घे." हे नवव्या पानावर. मामा, आई मलाही हेच म्हणायची, याच शब्दांत. म्हणजे पुस्तक कोणाचं हे मला नवव्या पानावर कळलं होतं. मला ठाऊक नव्हतं, अशी पळवाटही उरत नाही.

पान एकतीस. बहीण लग्न होऊन जाते, बाळंतपणाला परत येते, मुलगी होते. आणि घरात एक थट्टा सुरू होते: ही आली आणि पुस्तकं गेली.

ही थट्टा ऐकत मी वाढले. आईची एक्केचाळीस पुस्तकं, मी जन्मले त्या महिन्यात रद्दीत गेली, कारण पाळण्याला जागा हवी होती. आजोबा सांगायचे, आत्या सांगायच्या. लग्नकार्यात कोणी नवं माणूस भेटलं की माझी ओळख अशीच व्हायची. सगळे हसायचे. आई हसायची नाही, पण नाहीही म्हणायची नाही. मी वाचायला लागले ती पुस्तकांच्या आवडीनं लागले असं तुम्ही सगळे समजत होतात. मी भरपाई करत होते.

आणि त्या थट्टेत कधी सामील न झालेला एकटा तू होतास. म्हणून एकतिसावं पान वाचून मला वाटलं, म्हणजे तूसुद्धा. बाकीचे बोलतात, यानं तर छापलं. मी पुस्तक मिटलं. चिठ्ठीवर लिहिलं, 'धीर: नको. पुढे कोणाला: कोणालाच नाही.' आणि आपल्या नियमात बसत नसताना खाली आणखी एक ओळ: 'लेखकाकडे सांगण्यासारखं काही नाही.' त्या दिवशीची रोजनिशी काढून बघितली. 'बिननावाचं पुस्तक संपवलं. ठीक.' जिथे कोणी बघणार नव्हतं तिथेही मी खोटं लिहिलं. याचं मला जास्त नवल वाटलं.

पुढच्या शनिवारी पुस्तक तुझ्या हातात दिलं. तू सवयीनं कडेवरून अंगठा फिरवलास. मधेच थांबलास.

"वाचलंस?"

"हो."

"पुरतं?"

"हो."

"बरंय, बरंय," म्हणालास.

इतकी वर्षं माझी समजूत, की माझं मत वाचून तू दुखावलास. लेखक आहे, एवढं मनाला लावून घ्यायचं कशाला, असंही मनातल्या मनात तुला सुनावलं. त्यानंतर तू शनिवारी यायचा थांबलास, वर्षभरात दुसऱ्या गावच्या प्रेसमध्ये नोकरी धरलीस, आणि माझ्या लग्नात आहेर घेऊन आलास तो साडी आणि पाकीट. पुस्तक नव्हतं. तरी मला उलगडा झाला नाही. गेल्या सोमवारी ते करडं पुस्तक हातात घेतलं आणि कडेवरून अंगठा फिरवला, तुझ्यासारखा. पहिल्या दोन फर्म्यांच्या कडा पट्टीनं फाडलेल्या, खरखरीत. तिसऱ्यापासून कडा एकदम साफ, सिस्टरच्या बँडेजच्या कात्रीनं कापाव्यात तशा. मी तुला पुस्तक परत दिलं तेव्हा तिसरा फर्मा बंद होता, मामा. घडी मोडलेलीसुद्धा नव्हती. तू चिठ्ठी उघडायच्या आधीच तुला सगळं कळलं होतं.

माझ्या खाली दोन नोंदी आहेत. सिस्टर: 'धीर ७४. रुमाल जवळ ठेवा, धुतलेला. पुढे कोणाला: भाचीला, परत.' आणि काका: 'धीर लागला नाही. दुपारी दुकान उघडायचं राहिलं. शिलाई माझीच, म्हणून बोलत नाही. पुढे कोणाला: भाचीलाच.'

मी मंगळवारी लॅबमधून तडक काकांकडे गेले. म्हटलं, मग दिलं का नाही मला? मागच्या फळीवरच तर होतं.

"आम्ही म्हटलं देऊ या, आणि तुझी ती ओळ खरवडून टाकू या," काका म्हणाले. "सिस्टर तर ब्लेड घेऊनच आली होती. तुझा मामा म्हणाला, तिनं लिहिलंय ते राहू दे. आणि देऊ नका, तिला हवं असेल तेव्हा ती मागेल."

"तेवीस वर्षं?"

"मी लोकांच्या दिवाणखान्यांना शोभतील अशी पुस्तकं बांधली आयुष्यभर," काका म्हणाले, "पण धूळ रोज या एकाचीच पुसली. आता मला दिसत नाही, तुला दिसली असेल तर त्याला सांग, पुसत होतो."

सांगते आहे.

आता पान चौऱ्याहत्तर. निळसर कागद. तुला पाठ असेल, पण मला एकदा माझ्या अक्षरात लिहू दे. भाऊ पंधरा वर्षांचा. बहीण बाळंतीण. तो पुस्तक घेऊन दारात तीनदा उभा राहतो आणि ती तीनदा म्हणते, "आज नको रे." चौथ्या दिवशी दुपारी सगळे झोपलेले असताना तो तिची एक्केचाळीस पुस्तकं चादरीत बांधतो आणि रद्दीवाल्याला देऊन येतो. संध्याकाळी वडील रिकाम्या फळीकडे बघून विचारतात. बहीण अंथरुणातून भावाकडे एकदा बघते आणि म्हणते, "मीच दिली. पाळण्याला जागा नको का?" वडील हसतात आणि ती थट्टा जन्माला येते. रात्री भाऊ रडायला लागतो तेव्हा ती म्हणते, "तुला मार बसला असता. हिला कुठं काय कळतंय अजून."

आणि मग तू लिहिलंस, 'हिला कळायला लागलं, तोवर ती थट्टा घरची झाली होती. बहिणीला काही सांगायचं नव्हतं, तिला सगळं माहीत होतं. सांगायचं होतं ते त्या मुलीला. तोंडानं जमलं नाही म्हणून छापलं.'

मी जेवणाच्या टेबलाशी बसून वाचत होते. भर दुपारी. ह्यांनी विचारलं, चहा टाकू का, आणि माझ्याकडे बघून सरळ टाकला.

तू एक प्रत छापलीस आणि ती माझ्यासाठी होती. 'लेखकाकडे सांगण्यासारखं काही नाही.'

आता जे लिहायचंय ते तुझ्याविषयी नाही, आईविषयी आहे. तेव्हा, म्हणजे चिठ्ठी लिहून दोन दिवस झाल्यावर, आई कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "ते बिननावाचं पुस्तक मामानं तुला दिलंय म्हणे. वाचलंस?"

"वाचलं."

"पुरतं?"

"पुरतं, गं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मग?"

"मग काय. ठीक आहे."

ती घड्या उचलून आत गेली, आणि जाता जाता तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. बराच वेळ. आमच्या घरात असे हात फिरवत नाहीत. मला वाटलं, परीक्षा जवळ आली म्हणून.

आणि सहा वर्षांपूर्वी, हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "तुला तेव्हाच कळलं होतं सगळं. तरी मला कधी एका शब्दानं बोलली नाहीस. मोठं मन आहे तुझं." मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलते आहे. मी म्हटलं, "झोप आता."

मामा, मी हे रोज दोन्ही बाजूंनी, त्या काचेसारखं पुन्हा पुन्हा बघते आहे. एका बाजूनं दिसतं, की आपल्या लेकीनं आपल्याला माफ केलंय अशा समाधानात ती गेली, आणि हे चांगलंच झालं. दुसऱ्या बाजूनं दिसतं, की ते समाधान तिला माझ्या खोटेपणातून मिळालं. आणि त्याआधीची सतरा वर्षं ती माझ्या एखाद्या शब्दाची वाट बघत असेल, आणि माझं गप्प राहणं तिनं मोठेपणा म्हणून पदरात घेतलं असेल. मी खरंच वाचलं असतं तर तिच्यावर चिडले असते. नक्की चिडले असते. एक-दोन दिवस बोलले नसते. मग बोललो असतो. ते बोलणं राहिलं.

म्हणून एकच विचारायचंय. तिसरा फर्मा बंद होता हे तू आईला कधी सांगितलंस का? दोन्ही उत्तरांची मला भीती वाटते, तरी खरं ते सांग. सांगितलं असशील, तर ती शेवटी जे म्हणाली ते सगळं जाणून म्हणाली, आणि मग माफ तिनं मला केलं होतं. मला त्याचा उलगडा फक्त तूच करू शकतोस.

तुझ्यावर रागावले आहे का? तू विचारणार नाहीस, पण सांगते. सोमवारी होते. थट्टा बंद पाडायला तुला एक वाक्य पुरलं असतं, कोणत्याही लग्नात. मंगळवारी काकांकडून परत येताना राग कमी झाला, कारण एक वाक्य मलाही पुरलं असतं, कोणत्याही शनिवारी. पंधराव्या वर्षी तू केलंस ते मी समजू शकते. तेविसाव्या वर्षी मी केलं ते समजायला मला जरा जड जातंय. तू तरी मागून लिहून काढलंस.

चिठ्ठीवरची माझी जुनी ओळ मी खोडलेली नाही. राहू दे असं तू म्हणाला होतास. तिच्या, सिस्टरच्या आणि काकांच्या खाली आज नवीन नोंद केली. धीर: ७४. यावेळी नियमात बसून, एकशे अठ्ठाविसावं पान संपवून. 'पुढे कोणाला' या रकान्यात पेन आपसूक 'आईला' असं लिहून गेलं. लिहून झाल्यावर लक्षात आलं. तेही खोडलेलं नाही.

पुस्तक पोस्टानं पाठवत नाही. पाच डिसेंबरला शनिवार आहे. दुपारच्या गाडीनं येते. मामीला सांग, जेवून येईन, धावपळ नको. गुडघ्याखाली उशी घेऊन बस. मी मोठ्यानं वाचेन, पहिल्या पानापासून. आई थांबायची तशी मी ऐन रंगात थांबणार नाही. एकतिसाव्या पानाशी तर मुळीच नाही.

जिच्या येण्यानं पुस्तकं गेली नव्हती, ती
तुझी भाची